दुसऱ्या बॅटरीचं पाणी

वैशाख लागला की राजापेठेत ऊन आणि भोंगे एकदमच तापतात. सकाळी नऊला पहिली वरात जाते. तिच्या आवाजानं आमच्या कपाटातल्या काचेच्या बश्या एकमेकींवर आपटतात. यंदा त्या आवाजात घरच्या माणसानंही भर घातली. माझा नातजावई सुमेध यानं आपल्या मोटारीत गाणी वाजवायची मोठी मशीन बसवली. ती मशीन मोटारीची बॅटरी पिऊन टाकते, म्हणून गेल्या रविवारी तो अंगणात बसून दुसरी बॅटरी जोडत होता. मी खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसले.

"आजी, उनात काहून बसल्या? तुमाले काय समजते याच्यातलं?"

"तार बारीक हाय तुई. तापीन," मी म्हटलं.

तो हसला. अर्ध्या तासानं हात लावून पाहिला, गुपचूप उठला आणि बाजारातून जाड तार घेऊन आला. मग माझ्याशी जरा नीट बोलायला लागला. मी विचारलं, याच्यात पाणी कुठून टाकतात? तो म्हणाला, "पाणी टाकाच लागत नाही आजी याच्यात. कायमची बंद असते."

पाणी न मागणारी बॅटरी! मी तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. हेवा वाटला. माझा एक आख्खा उन्हाळा बॅटरीच्या पाण्यात गेला आहे.

त्या वेळी आम्ही अकोल्यात जुन्या शहरात राहत होतो. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला चार-पाच वर्षं झाली होती. मी तेवीस-चोवीस वर्षांची असेन. नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही. नातवंडं त्यांना आबा म्हणत, मीही इथं आबाच लिहिते. आबा आधी कापूस दाबायच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी उचलत. तिथं हवेत कापूस असतो. तो नाकातोंडात जातो आणि छातीत घर करतो. तिशीच्या आतच त्यांना असा खोकला लागला की खोकताना भिंत धरावी लागे. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, "काम बदला." जसं काही काम म्हणजे सदरा.

पण काम बदललं. करीमचाचांमुळे बदललं. चाचांचं दुकान मोर्णा नदीच्या अलीकडे होतं. बॅटऱ्या दुरुस्त करायच्या, लग्नाला-सभेला भोंगे द्यायचे. एक जुनी काळी मोटार होती, तिच्या टपावर दोन कर्णे बांधलेले. आबांचा हात तारांवर बसलेला, मोटारही चालवायला शिकले होते. चाचांनी मोटार त्यांच्या ताब्यात दिली. चार महिन्यांत खोकला अर्ध्यावर आला. रात्री मला झोप लागायला लागली, यांनाही.

अडचण एकच होती. मोटार चालू ठेवली तर कर्ण्यातून तिचीच घरघर ऐकू येई, आणि बंद करून भोंगा लावला की भोंग्याची मशीन मोटारीचीच बॅटरी खायची. लग्न लागेपर्यंत आवाज खणखणीत, आणि निघायच्या वेळी मोटार मेलेली. मग वऱ्हाडी धक्का मारणार, पोरं टाळ्या पिटणार. असं त्या मोसमात दोनदा झालं. दुसऱ्यांदा ज्यांना धक्का मारावा लागला ते चाचांच्या दुकानावर येऊन बोलून गेले. चाचांचा राग वाईट. आबांना म्हणाले, "अब एक बार और बारातियोंने धक्का मारा ना, तो चाबी खुंटी पर. फिर तू और तेरी रुई की गाठी."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चाचा बोलले की ते करायचे, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

म्हणून दुसरी बॅटरी बसवली. मागच्या बाकाखाली लाकडी पेटी, तिच्यात बॅटरी, आणि पुढच्या बॅटरीपासून मागच्यापर्यंत बोटाएवढी जाड तार. मध्ये एक पितळी खटका. मोटार चालू असताना खटका खाली करायचा, म्हणजे दोन्ही भरतात. मोटार थांबली की खटका वर. मग भोंगा फक्त मागचीच बॅटरी खाणार, आणि पुढची मोटार सुरू करायला शाबूत. एवढंच. मला चौथी पास बाईला समजलं, म्हणजे अवघड नाही. तारेच्या टोकाला शिशाचे कान ओतायचे होते. त्या दोघांनी ते शिसं माझ्या चुलीवर, माझ्या आमटीच्या पळीत वितळवलं. मी दोघांनाही बोलले. चाचा म्हणाले, "बहू, पळी दुसरी मिळेल, मोटार दुसरी नई मिळनार." पळी शेवटपर्यंत आली नाही ते सोडा. उघड्या तारेवर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळायचं काम मी केलं. तारेला रबर घट्ट बसलं की हाताला एक समाधान मिळतं. स्वयंपाकात ते मला कधी मिळालं नाही.

पण दोन बॅटऱ्या म्हणजे दोन तहानलेल्या म्हशी. वैशाखात दर दोन दिवसांनी झाकणं उघडून पाणी घालावं लागे. आणि पाणी कसं, तर ज्यात काही म्हणजे काही नाही असं. आमच्या गल्लीतल्या विहिरीचं पाणी खारं. अकोल्याकडचा सगळा पट्टाच खारा. ते पाणी जमिनीवर वाळलं तर पांढरा डाग पडतो. मागच्या श्रावणात चाचांनी मला सांगितलं होतं त्याप्रमाणे मी चार काठ्यांना धुतलेलं धोतर बांधून पावसाचं पाणी धरलं होतं. पत्र्यावरचं नाही, कापडावरचं. तीन चिनी बरण्या भरून अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवल्या होत्या. वैशाखात त्यातली एक उरली होती, गळ्यापर्यंत भरलेली.

जुने दिवस चांगले होते असं म्हणणाऱ्यांनी खारं पाणी प्यायलेलं नसतं. त्या पाण्याचा चहा फाटतो, साबणाला फेस येत नाही, आणि तुरीची डाळ शिजत नाही. दुपारभर चुलीवर ठेवा, दाणा दाण्याला ओळख देत नाही. नळ होता, पण उन्हाळ्यात तो त्याच्या मर्जीनं येई.

त्याच आठवड्यात माझे नंदई बाळापूरपलीकडच्या त्यांच्या खेड्यातून आले. मुलीच्या, कमलच्या लग्नाचं सांगायला. त्यांच्या वस्तीत नव्या पद्धतीचं हे पहिलंच लग्न. ना भटजी, ना मुहूर्त. वंदना आणि पंचशील. आबांना म्हणाले, "भाऊ, भोंगा पाह्यजे. आजवर आमच्या वस्तीतली वाजंत्री गावातून जाऊ देल्ली नाही कोणी. आवाजाले तं कोणाले इचारून जा लागत नाही ना?" आबा लगेच हो म्हणाले.

नंदई जेवायला थांबले. तीन दिवस नळ आला नव्हता. मी विहिरीच्या पाण्यात डाळ टाकली. दोन तास झाले, डाळ जशीच्या तशी. बाहेर पाहुणा बसलेला, तोही मुलीचं लग्न सांगायला आलेला. मी कोपऱ्यातल्या बरणीकडे पाहिलं. फार विचार केला असं म्हणणार नाही. अर्धी बरणी पातेल्यात ओतली. डाळ अशी झाली, अशी झाली, की नंदई दोनदा मागून जेवले. म्हणाले, "वहिनी, डाळ खावी तं तुमच्या हातची." मी मान डोलवली. मग सगळे बाहेर गेल्यावर बरणीतली अर्धी जागा विहिरीच्या पाण्यानं भरली. रिकामी दिसली असती तर चाचा ओरडले असते. त्या ओरडण्याला भिऊन मी ते केलं.

दिसायला दोन्ही पाणी सारखंच. हीच पाण्याची वाईट खोड.

आठ-दहा दिवस त्याच बरणीतून मागच्या बॅटरीत पाणी पडत राहिलं. पुढच्या बॅटरीला चाचांनी दुकानातलंच पाणी घातलं होतं, ती वाचली. मी रोज झाकण उघडून पाहायची. काही होत नव्हतं. मला वाटलं, पुरुष उगीच पाण्याचं एवढं स्तोम माजवतात.

लग्नाच्या दिवशी सकाळीच आम्ही निघालो. आबा चालवत होते, मी मागच्या बाकावर, बॅटरीच्या अगदी वर. बाळापूरच्या अलीकडे ऊन चढलं आणि माझ्या नाकाला एक वास आला. पटकीच्या साथीत विहिरीत जी पांढरी पावडर टाकतात, तिचा. डोळे चुरचुरायला लागले. मी बाक उचलून पाहिलं. वास पेटीतूनच येत होता. मला बॅटरीचं शास्त्र येत नव्हतं, पण त्यात काय पडलंय ते जगात फक्त मला माहीत होतं.

"आवो, गाडी थांबवा."

"काहून? काय झालं?"

"म्या त्याच्यात विहिरीचं पाणी भरलं. त्या दिवशी डाळीले बरणीतलं घेतलं, अन् वरून विहिरीचं टाकलं."

आबांनी मोटार बाभळीखाली उभी केली. उतरले, पेटी उघडली, वास घेतला, पुन्हा बंद केली. मला वाटलं आता मारतील. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नव्हता, पण त्या दिवशी उगारला असता तर मी काही म्हटलं नसतं. ते म्हणाले, "आठ दिवस सांगतलं नाही?" मी म्हटलं, "नाही." ते खोकले. तो खोकला त्या वासाचा नव्हता, रुईचा होता, आत दडून बसलेला. मग चाकाला टेकून म्हणाले, "चाल. वरात तं आपल्यासाठी थांबणार नाही."

नंदयांच्या वस्तीत मांडव घातला होता. कमल पांढऱ्या लुगड्यात, नवरदेव पांढऱ्या सदऱ्यात. आबांनी कर्णे नाल्यापलीकडच्या गावाकडे तोंड करून लावले. खटका वर केला. वंदना सुरू झाली. पहिलं शरण झालं, दुसरं झालं, आणि तिसऱ्याला आवाज खाली बसायला लागला. विहिरीत बुडताना माणसानं बोलावं तसा. मग नुसती खरखर. नंदयांनी आबांकडे पाहिलं. नाल्यापलीकडं झाडाखाली गावातली माणसं बसली होती, त्यातलं कोणीतरी हसलं. ते हसू कर्ण्याशिवायच ऐकू आलं.

आबा खटक्यापाशी उभे होते. खटका खाली केला की पुढच्या बॅटरीवर भोंगा चालणार. आणि मग मोटार सुरू होणार नाही. मी जवळ गेले. "तुमाले माहीत हाय ना चाचा काय म्हणले?"

"माहीत हाय."

"मंग?"

"मंग काय? पोरीचं लग्न अर्ध्यावर सोडू?"

त्यांनी खटका खाली केला. मेलेल्या बॅटरीनं जिवंतीला ओढू नये म्हणून मागच्या बॅटरीची तारही सोडली. कर्णे असे कडाडले की मांडवातली म्हातारी दचकली. वंदना पहिल्यापासून घेतली. पंचशील झालं, प्रतिज्ञा झाली, नाल्यापलीकडं एकेक शब्द गेला. कोणी हसलं नाही. दोघं तर उठून काठावर येऊन उभे राहिले. मला तिथं उभं राहून अभिमान वाटायला हवा होता. माझ्या डोळ्यांपुढं फक्त प्रेसचं फाटक होतं.

जेवणं झाली. आबा मोटारीत बसले. मोटार एकदा घरघरली आणि गप्प. मग व्हायचं तेच झालं. वऱ्हाडी लागले धक्क्याला. नंदई लागले, नवरदेव लागला, आणि नवरदेवाला बघून कमलही लागली. "ए कमले, तू तं आजची नवरी हायेस!" कोणी ओरडलं. ती म्हणाली, "मामा माह्या लग्नात अडकले, तं मीच लोटीन." काळ्या मातीची धूळ उडाली. पांढऱ्या कपड्यांवर तळवे उमटले. मोटार गावरस्त्यानं पार नाल्यापर्यंत गेली तेव्हा कुठे सुरू झाली. सगळे हसत होते. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांसोबत मी दुकानात गेले. आबा सुरुवात करत होते, "चाचा, बॅटरी जुनी होती..." मी मध्येच बोलले. "बॅटरी जुनी नाही. पाणी मी बदललं." आणि बरणी समोर ठेवली.

चाचांनी एक पत्र्याचं झाकण शेगडीवर तापवलं. बरणीतले चार थेंब टाकले. चर्र झालं, आणि झाकणावर पांढरं कडं उरलं. ते माझ्यासमोर धरलं. "देख. ये पिलाया तूने उसको. काहून?"

"डाळ शिजत नव्हती. मुलीचं लग्न सांगाले पाहुणे आले होते."

चाचांनी झाकण खाली ठेवलं. त्यांच्याही घरी तीच विहीर होती. "मेहमान के सामने कच्ची दाल तो मैं भी नई रखता," ते म्हणाले. मग एकदम आवाज चढला. "पर बताया काहून नाई? उसी दिन बोलती तो धो के देता!"

"तुमी ओरडता."

"चिल्लाता मैं हूं, तो बॅटरी का क्या कसूर?"

पुढं आयुष्यात कोणाचाही ओरडा चुकवण्यासाठी मी काही लपवलं नाही, ते या वाक्यामुळे. शाळेत चार वर्षं जाऊन जे शिकले नाही ते तिथं शिकले.

मग त्यांनी आबांकडे हात केला. आबांनी किल्ली दिली. चाचांनी ती खुंटीवर टांगली. "मैंने बोला था," एवढंच म्हणाले. आबा त्याच दुपारी पुन्हा प्रेसमध्ये गेले. मी दुकानातच उभी राहिले. चाचा म्हणाले, "तू काहून उभी? बॅटरी तेरी है. दुरुस्त कर."

आणि मी केली. हे मी सगळ्यांना सांगते, कोणी फार विश्वास ठेवत नाही. चाचांनी वरचं डांबर तापवून काढलं, आतल्या प्लेटा बाहेर काढल्या. खराब झालेल्या त्यांनी बाजूला केल्या आणि जुन्या बॅटरीतल्या चांगल्या शोधून दिल्या. धुवायचं काम माझं. आणि धुवायला पाणी? तेही मीच करायचं. किटलीच्या तोंडाला तांब्याची नळी, नळी ओल्या फडक्यातून बाटलीत. खारं पाणी उकळायचं, वाफ नळीतून जायची, पलीकडून थेंब पडायचा. एक थेंब. मग थांबायचं. मग दुसरा. बाहेर वैशाख, आत शेगडी, आणि मी थेंब बघत बसलेली. सगळ्या दिवसाला एक बरणी भरे. तेजाबानं बोटांची कातडी निघाली, लुगड्याला चाळणीसारखी भोकं पडली. चाचा येता-जाता म्हणायचे, "जल्दी मत कर. पानी को जल्दी नई समजती."

संध्याकाळी आबा प्रेसमधून यायचे. भुवया पांढऱ्या, कानात कापूस. तिसऱ्या दिवशी खोकला पहिल्यासारखा झाला. भिंत धरून खोकायचे आणि मला म्हणायचे, "तुह्यं काम कुठपर्यंत आलं?" कधी टोचून नाही. विचारायचे, जसं शेजाऱ्याला पेरणीचं विचारावं. ते टोचून बोलले असते तर सोपं गेलं असतं.

कधी वाटतं, लोक कृतज्ञता म्हणतात तो फार मोठा शब्द आहे; माझ्या तोंडात तो बसत नाही. पण सुमेध अंगणात बसून ती बंद बॅटरी जोडत होता तेव्हा मला जे वाटलं त्याला दुसरं नाव नाही. चाचांनी त्या दिवशी आम्हाला माफ केलं असतं, तर मी आयुष्यभर मान खाली घालून त्यांच्या दुकानासमोरून गेले असते. कायमचं हाकलून दिलं असतं, तर आबा पन्नाशी गाठते ना. त्यांनी दोन्ही केलं नाही. चूक माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, कर. असा माणूस पुन्हा भेटला नाही. आता लोक एकतर लगेच माफ करतात, नाहीतर फोनच उचलत नाहीत.

नवव्या दिवशी बॅटरी बंद करून चार्जिंगला लावली. अकराव्या दिवशी चाचांनी ती दुकानाच्या पायरीवर ठेवली, भोंगा जोडला आणि एकच तबकडी दुपारभर लावून दिली. गल्लीतल्या बाया भांडायला आल्या. "चाचा, कान फुटले!" चाचा म्हणाले, "बहूने बनायी है, पूरी पिने दो." तीन वाजले, चार वाजले, आवाज बसला नाही. मी पायरीवर बसून एकेका ओळीला श्वास धरत होते. साडेपाचला चाचांनी तबकडी उचलली, खुंटीवरून किल्ली काढली आणि मला म्हणाले, "जा. उसको ले के आ."

मी प्रेसच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. सुटी झाली. माणसं बाहेर येत होती, सगळी पांढरी, कोण कोण ते ओळखू येईना. आबांना मी खोकल्यावरून ओळखलं. त्यांनी मला पाहिलं आणि घाबरून विचारलं, "काय झालं वं?"

"काही नाही. आत जा अन् हजेरीवरून नाव काढून या."

ते तसेच मागं वळले. मी बाहेर थांबले. मुकादमाशी दोन शब्द झाले असतील, मग ते आले, दारातच सदरा काढून झटकला, पुन्हा घातला. आम्ही मोर्णेच्या पुलापर्यंत चालत आलो. पुलावर ते थांबले, कठड्याला धरून पोटभर खोकले, आणि खाली वाळूत थुंकून म्हणाले, "झालं. चाल."